चौक सुटतो, कोंडी कुठे जाते?

पुण्यात एखाद्या चौकात उड्डाणपूल होतो. फीत कापली जाते, आणि पहिले काही दिवस ऑफिसला लवकर पोचल्याचा आनंद घरोघरी सांगितला जातो. मग हळूहळू पुलाच्या पलीकडच्या सिग्नलला रांग लागायला लागते. काही महिन्यांत ती पुलाच्या उतारापर्यंत येते आणि एखाद्या पावसाळी संध्याकाळी चक्क पुलावर चढते. पुलाखाली राहणाऱ्यांची तक्रार तर पहिल्या दिवसापासून वेगळीच असते: समोरच्या दुकानात जायला आता रस्ताच ओलांडता येत नाही. एकच काम, एकच खर्च. तरी गाडीतला माणूस खूश, पुढच्या चौकातला वैतागलेला आणि पायी चालणारा रागावलेला, असं का होतं?

कसबा पेठेत हा प्रश्न आता दारात आला आहे. शनिवारवाडा ते स्वारगेट आणि सारसबाग ते शनिवारवाडा असे दोन भुयारी रस्ते करण्याचा प्रस्ताव 2025 मध्ये चर्चेत आला. शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता या दोन एकेरी रस्त्यांवरचा भार जमिनीखाली न्यायचा, अशी ती कल्पना आहे. ती चांगली की वाईट हे ठरवण्याआधी चौकात मुळात काय घडतं ते समजून घ्यायला हवं. पुण्याच्याच दोन चौकांनी गेल्या काही वर्षांत त्याचे धडे दिले आहेत.

चौकात अडतं काय?

दोन दुहेरी रस्ते एकमेकांना छेदतात तिथे गाड्यांच्या वाटा एकमेकींना 32 ठिकाणी भिडतात. त्यातल्या 16 ठिकाणी एक वाट दुसरीला सरळ कापते, 8 ठिकाणी दोन वाटा एकत्र येतात आणि 8 ठिकाणी एका वाटेच्या दोन होतात. वाहतूक अभियंते यांना संघर्षबिंदू म्हणतात. वाटा कापतात ते 16 बिंदू सर्वांत धोक्याचे, कारण तिथे गाडी गाडीच्या कुशीत शिरते.

सिग्नल या 32 भांडणांना वेळ वाटून देतो. पण वाटपात वेळ वायाही जातो. समजा, चार रस्त्यांच्या चौकात सिग्नलचं एक पूर्ण चक्र 120 सेकंदांचं आहे. एक बाजू थांबून दुसरी सुटेपर्यंत साधारण 4 सेकंद फुकट जातात, म्हणजे चार बदलांत 16. उरले 104, प्रत्येक रस्त्याच्या वाट्याला 26 सेकंद हिरवा दिवा. एका मार्गिकेतून दर दोन सेकंदांनी एक कार सुटते असं धरलं, तर एका खेपेला 13 गाड्या जातात. तासात अशी 30 चक्रं होतात, म्हणजे तासाला 390 गाड्या.

तीच मार्गिका सिग्नलशिवाय अखंड वाहिली, तर तासाला 1800 गाड्या जाऊ शकतात. पुण्यात दुचाकी फटीफटींतून पुढे सरकतात, रिक्षा मध्येच थांबते, त्यामुळे प्रत्यक्षातले आकडे हलतात. पण प्रमाण फारसं बदलत नाही. उड्डाणपुलाची किंवा भुयाराची सगळी जादू या 390 आणि 1800 मधल्या फरकात आहे. ती खोटी नाही. चौकातलं कापाकापीचं भांडण पूल खरोखरच मिटवतो.

हौद आणि मोरी

पुढच्या चौकात मात्र तोच जुना सिग्नल असतो, तासाला 390 गाड्या सोडणारा. पुलावरून 1800 येतात, पुढून 390 निघतात. उरलेल्या 1410 कुठे जाणार?

पेशवाईत कात्रजच्या तलावातून नळाने पाणी येऊन पुण्याच्या पेठांतले हौद भरत. हौदात येणारा नळ कितीही मोठा केला, तरी बाहेर जाणारी मोरी तेवढीच राहिली तर पाणी मोरीच्याच वेगाने निघणार आणि हौद काठोकाठ भरणार. रस्त्यांच्या साखळीतही सर्वांत अरुंद जागा सगळ्यांचा वेग ठरवते. चौक सुधारताना त्या एका चौकाचा नकाशा टेबलावर पसरलेला असतो आणि पुढचे दोन चौक कागदाच्या बाहेर असतात. 'आमच्या चौकात पूर्वी एवढी गर्दी नव्हती, पूल झाल्यापासून वाढली' असं पुढच्या चौकातले दुकानदार म्हणतात तेव्हा ते चुकीचं काही बोलत नसतात. मोरी त्यांच्या दारात असते.

त्यात आणखी एक भर पडते. रस्ता मोकळा झाला की लोक आपली सवय बदलतात. गर्दी टाळायला सकाळी सातला निघणारा आठला निघतो, दुसऱ्या वाटेने जाणारा इकडे वळतो, बसने जाणारा दुचाकी बाहेर काढतो. याला प्रेरित वाहतूक म्हणतात. जर्मन गणिती डिट्रिश ब्रेस यांनी 1968 मध्ये याहून चमत्कारिक गोष्ट कागदावर सिद्ध केली: प्रत्येक जण फक्त स्वतःची वेळ वाचवायला बघत असेल, तर रस्त्यांच्या जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्याने काही वेळा सगळ्यांचाच प्रवास लांबतो. उलट बाजूचं उदाहरण सोल शहराचं. तिथल्या चेओंगग्येचेओन ओढ्यावरून जाणारा उंच रस्ता 2003 मध्ये पाडायला घेतला आणि 2005 पर्यंत ओढा पुन्हा उघडा केला. सोबत बससेवा सुधारली. शहराची वाहतूक कोलमडेल ही भीती खरी ठरली नाही.

चांदणी चौक: लाल दिवा गेला आणि पायी चालणारा अडला

मुंबई–बेंगळुरू महामार्गावरचा चांदणी चौक पुणेकरांच्या संयमाची वर्षानुवर्षं परीक्षा घेत होता. मुळशी, बावधन, कोथरूड, वारजे आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) या सगळ्या दिशा तिथे एका अरुंद पुलापाशी एकत्र येत. 2017 मध्ये नव्या रचनेचं भूमिपूजन झालं आणि काम रेंगाळलं. 2022 च्या ऑगस्टमध्ये तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचा ताफा याच कोंडीत अडकला, तेव्हा नागरिकांनी त्यांना रस्त्यावरच गाठून गाऱ्हाणं मांडलं. त्यानंतर चक्रं हलली. 2 ऑक्टोबर 2022 रोजी मध्यरात्रीनंतर जुना पूल सुमारे 600 किलो स्फोटकांनी उडवण्यात आला. पूल एका दणक्यात पूर्ण पडला नाही. आतलं लोखंड भक्कम निघालं आणि उरलेला भाग यंत्रांनी पाडावा लागला. 12 ऑगस्ट 2023 रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते नव्या रचनेचं उद्घाटन झालं.

महामार्गावरून सरळ जाणाऱ्यांना मोठाच दिलासा मिळाला, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. पण काही दिवसांत दोन तक्रारी सुरू झाल्या, आणि दोन्हींचं मूळ रचनेत होतं.

पहिली तक्रार: कोणता रॅम्प कुठे जातो ते कळत नाही. कापणारे बिंदू काढून टाकायचे तर वाटा फिरवून न्याव्या लागतात. उजवीकडे जायला आधी डावीकडे वळायचं, मग खालून किंवा वरून फिरून यायचं. त्यामुळे कापाकापी संपते आणि तिच्या जागी 'आता वळायचं की पुढे?' हा निर्णय येतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. फलक वाचून ठरवायला सहा सेकंद लागले, तर गाडी 100 मीटर पुढे गेलेली असते. म्हणून फलक फाट्यावर असून उपयोग नाही, तो बराच आधी हवा, आणि त्यावर बाहेरगावच्या माणसाला कळतील अशी नावं हवीत. फाटा चुकला की बरंच पुढे जाऊन परतावं लागतं, किंवा माणूस तिथेच ब्रेक मारतो, जे जास्त धोक्याचं.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. चांदणी चौक हा केवळ गाड्यांचा चौक नव्हता. मुंबईकडे किंवा साताऱ्याकडे जाणारी बस पकडायला, मुळशीकडून येऊन शहराची बस घ्यायला माणसं तिथे उतरत आणि चढत. सिग्नल असतो तेव्हा गाड्यांचा लाल दिवा हीच पायी चालणाऱ्याची वाट असते. गाड्या अखंड वाहाव्यात म्हणून लाल दिवा काढला, की ती वाटही जाते. तीन मार्गिका, म्हणजे साधारण साडेदहा मीटर रस्ता ओलांडायला धडधाकट माणसाला नऊ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी 150 मीटर येते. वळणदार रॅम्पवर एवढ्या लांबचं दिसतच नाही. तरीही माणसं सामान घेऊन, मुलांचा हात धरून महामार्ग ओलांडत राहिली, कारण बस पलीकडे थांबत होती. पादचारी पुलाची मागणी उद्घाटनानंतर जोर धरू लागली. ती आराखड्याच्या पहिल्या पानावर असायला हवी होती.

विद्यापीठ चौक: तीन नळ, एक मोरी

दुसरा धडा गणेशखिंडीत आहे. पुणे विद्यापीठासमोरच्या आचार्य आनंदऋषीजी चौकातला उड्डाणपूल 2006 मध्ये बांधला गेला आणि 2020 मध्ये, करोनाच्या टाळेबंदीच्या काळात, पाडला गेला. म्हणजे त्याला 14 वर्षांचं आयुष्य मिळालं. हिंजवडी ते शिवाजीनगर या मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेसाठी त्याच्या रचनेत जागा नव्हती. मग खाली रस्ता, मधल्या मजल्यावर पूल आणि त्यावर मेट्रो अशी नवी रचना आखण्यात आली. त्या पुलाचा औंध आणि शिवाजीनगर यांना जोडणारा भाग 2025 च्या ऑगस्टमध्ये खुला झाला. बाणेर आणि पाषाणच्या बाजूचे रॅम्प तेव्हा पूर्ण व्हायचे होते.

या चौकाचा नकाशा पाहिला की अडचण डोळ्यांत भरते. औंध, बाणेर आणि पाषाण अशा तीन दिशांचे रस्ते इथे येतात आणि शहराकडे जाणारा गणेशखिंड रस्ता एकच. थोडं पुढे गेल्यावर त्यालाच सेनापती बापट रस्त्याची गर्दी येऊन मिळते. पूल तीन नळांची एकमेकांशी होणारी टक्कर थांबवू शकतो. शिवाजीनगरकडची मोरी मोठी करणं त्याच्या हातात नाही. ती मोठी करण्याचा खरा उपाय पुलाच्या वरच्या मजल्यावर आहे.

त्याचा हिशेब असा. पुणे मेट्रोच्या तीन डब्यांच्या एका गाडीत 900 हून अधिक माणसं मावतात. एका कारमध्ये दोघं बसली आहेत असं धरलं (प्रत्यक्षात अनेकदा एकटाच असतो), तर तेवढ्या माणसांना 450 कार लागतील. सिग्नलच्या चौकातली एक मार्गिका तासाला 390 कार सोडते, हे वर आलंच आहे. एका मार्गिकेचं तासाभराहून जास्त काम मेट्रोची एक भरलेली खेप करते. ती भरायची तर मात्र माणसाला स्थानकापर्यंत सुखाने चालत जाता आलं पाहिजे. फुटपाथ नसलेल्या चौकात मेट्रो बांधणं म्हणजे अर्धंच काम करणं.

मोजणीत कोण असतं?

चौकाचं काम ठरवण्याआधी गाड्या मोजतात. कार, बस, रिक्षा, सायकल एकाच मापात आणायला 'प्रवासी कार एकक' वापरतात: एखादं वाहन किती कारएवढी जागा अडवतं, त्याचा आकडा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांसाठीच्या तक्त्यात दुचाकी अर्ध्या ते पाऊण कारएवढी धरली आहे आणि बस साधारण सव्वादोन ते पावणेचार कारएवढी. हातगाडीलाही तिथे आकडा आहे. पायी चालणाऱ्याला मात्र या तक्त्यात जागा नाही, कारण तो वाहन नाही. त्याची मोजणी वेगळी करावी लागते, आणि वेगळी म्हटली की ती सहज राहून जाते.

याच मापात आणखी एक गोम आहे. बस तीन कारची जागा अडवते एवढंच त्यात दिसतं. ती पन्नास माणसं नेते हे दिसत नाही. आकडा गाड्यांचा असला की उपायही गाड्यांसाठी निघतो.

स्थानिकांच्या प्रतिक्रियेला प्रशासनात बरेचदा 'विरोध' असं नाव पडतं आणि ती बाजूला ठेवली जाते. प्रत्यक्षात ती मोजणीतून सुटलेली माहिती असते. कसब्यातल्या तांबट आळीतल्या कारागिराला पत्र्याचा टेंपो दारापर्यंत यायला हवा असतो. कुंभारवाड्यातल्या आजीला 24 मीटर रस्ता ओलांडायचा असेल, तर हिशेबातल्या सेकंदाला 1.2 मीटर चालीने 20 सेकंद पुरतात, ती 0.8 मीटरने चालते, म्हणून तिला 30 लागतात, आणि दहा सेकंद आधीच दिवा बदलतो. दगडूशेठ गणपतीपाशी उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराला मागे शनिवारवाड्याकडे यायचं, तर शिवाजी रस्ता एकेरी असल्याने बाजीराव रस्त्यावरून वळसा घालावा लागतो. हे तिन्ही प्रश्न गाड्यांच्या मोजणीत कुठेच उमटत नाहीत.

दुकानदारांचा विरोध समजून घेताना जवळचं उदाहरण लक्ष्मी रस्त्याचं आहे. पुणे महापालिकेने 11 डिसेंबर 2021 रोजी तिथला एक पट्टा दिवसभर फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवला आणि पुढेही त्या तारखेला पादचारी दिन पाळला. गाड्या बंद म्हणजे गिऱ्हाईक बंद, ही व्यापाऱ्यांची जुनी धास्ती. पण दुकानात गाडी शिरत नाही, माणूस शिरतो. एका कारच्या जागेत किती गिऱ्हाइकं उभी राहतात, हे त्या दिवशी रस्त्यावर फिरलेल्या कोणालाही दिसलं असेल. धास्ती मात्र नुसत्या उपदेशाने जात नाही; माल उतरवायची वेळ आणि जवळचा वाहनतळ या दोन गोष्टी ठरवून दिल्या, तरच जाते.

[चौकट] नकाशा समोर आला की हे बघा

*चौकातून सुटलेली गाडी पुढच्या कोणत्या सिग्नलला थांबणार आणि तो तासाला किती गाड्या सोडतो? पूल किंवा भुयाराचं तोंड रस्त्याची किती रुंदी खातं आणि बाजूला स्थानिकांसाठी किती उरते? येणाऱ्या गाड्यांपैकी किती पेठेत थांबणार आहेत आणि किती नुसत्या पलीकडे जाणार आहेत? पायी चालणारे मोजले का, आणि कोणत्या वारी, कोणत्या वेळी? बसथांबा आराखड्यात कुठे आहे? बांधकाम चालू असताना वाहतूक कोणत्या बोळांतून वळवणार?*

शनिवारवाड्यापाशी भुयार निघालं तर

आता कसब्याकडे वळू. भुयाराच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. शिवाजी रस्त्यावर मंडईची खरेदी, दगडूशेठचं दर्शन, शाळा आणि दवाखाने यांची गर्दी असते, आणि त्याच गर्दीतून शिवाजीनगरहून स्वारगेटला जाणारा माणूस वाट काढत असतो. त्याला पेठेत काहीच काम नसतं. तो जमिनीखालून गेला तर वरचा रस्ता पेठेला परत मिळेल. पण असे किती जण आहेत? ते कळायला गाड्या नुसत्या मोजून भागत नाही; कुठून निघालात आणि कुठे चाललात, हे विचारावं लागतं. याला उगम-गंतव्य पाहणी म्हणतात. पलीकडे जाणारे बहुसंख्य निघाले तर भुयाराला अर्थ आहे. बहुतेकांचं काम पेठेतच असेल, तर ते भुयारात उतरणारच नाहीत.

मग प्रश्न येतो भुयाराच्या तोंडाचा. रस्ता आठ मीटर खाली न्यायचा आणि उतार शंभराला चार ठेवायचा, तर नुसत्या उताराला 200 मीटर लांबी लागते. एवढ्या लांबीत रस्त्याच्या मधोमध खोल खाच असते. ती ओलांडता येत नाही आणि दोन्ही बाजूंना अरुंद पट्ट्या उरतात. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढच्या 200 मीटरमध्ये परवानगी लागते. याच नियमामुळे आसपासच्या जुन्या वाड्यांची पुनर्बांधणी वर्षानुवर्षं अडून आहे. त्या रहिवाशांनी भुयाराच्या तोंडाबद्दल प्रश्न विचारला, तर तो रास्तच आहे.

शिवाय जमिनीखाली एक भुयार आधीच आहे. पुणे मेट्रोचा सुमारे सहा किलोमीटरचा भुयारी भाग कसब्याखालून स्वारगेटला जातो. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा टप्पा 29 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झाला, आणि कसबा पेठ, मंडई, स्वारगेट ही स्थानकं बरोबर त्याच वाटेवर आहेत ज्या वाटेवर भुयारी रस्ता सुचवला गेला. स्थानकाबाहेर पडल्यावर फडके हौद चौकापर्यंत किंवा कसबा गणपतीपर्यंत अखंड फुटपाथ देणं, हे भुयारापेक्षा कितीतरी स्वस्त आणि लवकर होणारं काम आहे. ते आधी करावं आणि शिवाजी रस्त्यावरची गर्दी पुन्हा मोजावी. भुयाराचा निर्णय त्या मोजणीनंतर घेणंच योग्य ठरेल.

हरकत कशी लिहायची

विकास आराखड्यात बदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 37 नुसार सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. एकेरी वाहतुकीसारखे बदल वाहतूक पोलीस आधी प्रायोगिक तत्त्वावर करतात आणि उपायुक्तांच्या कार्यालयाकडे सूचना मागवतात. दोन्ही ठिकाणी 'आमचा विरोध आहे' एवढंच लिहिलेलं पत्र फायलीत पडून राहतं. कसब्यातल्या मंडळांकडे कार्यकर्ते आहेत आणि शाळांकडे मुलं. एखाद्या शनिवारी संध्याकाळी सहा ते सात या वेळात फडके हौद चौकात आणि शनिवारवाड्यासमोर उभं राहून रस्ता ओलांडणारी माणसं मोजा. त्यात म्हातारी किती, मुलं किती, हातात सामान असलेली किती, आणि ओलांडायला किती सेकंद थांबावं लागलं, ते तारीख-वेळेसह कागदावर उतरवा. तो तक्ता हरकतीला जोडा आणि त्याची पोच घ्या.